अंगचा रंग : पॉलिमर क्लेची ओळख

पॉलिमर क्ले वाळत नाही. पंख्याखाली ठेवा, रात्रभर उघडी टाका, आठवड्याने येऊन बघा. ती मऊच असते. तिला कडक करायला कुंभाराची भट्टी लागत नाही, पण ओव्हन लागतो. साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअस उष्णता, आणि तीही सलग अर्धा तास. या माध्यमाचे बहुतेक गुण आणि नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात, म्हणून पुढच्या प्रकरणांत शिरण्याआधी ती नीट समजून घेऊ.

मडक्याची माती काय किंवा शाडू काय, दोन्हींत पाणी असतं. ते उडून जातं तशी वस्तू आक्रसते, कडक होते आणि घाई केली तर तडकते. पॉलिमर क्लेत पाणी नसतंच. तिचा पाया पीव्हीसीचा. घरातले नळाचे पाइप ज्या प्लास्टिकचे असतात तेच हे प्लास्टिक, फक्त इथे ते अतिशय बारीक भुकटीच्या रूपात असतं. ही भुकटी प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेली असते, त्यात रंगद्रव्यं असतात आणि अंग भरण्यापुरती एखादी खनिज पूड. थंड असताना पीव्हीसीचे कण सुटे राहतात आणि द्रवामुळे एकमेकांवरून घसरतात, म्हणून क्ले हवी तशी वळते. उष्णता मिळाली की तेच कण तो द्रव शोषून फुगतात, एकमेकांना धरतात आणि शेवटी एकजीव होतात. या सगळ्यात बाहेर जवळजवळ काहीच जात नाही. त्यामुळे वस्तू आक्रसत नाही म्हटलं तरी चालेल. सुईच्या टोकाने काढलेली पानाची शीर भाजल्यावरही तेवढीच बारीक राहते. चुकून उमटलेला अंगठ्याचा ठसाही तसाच राहतो, हेही लक्षात असू द्या.

पण खरा फरक रंगाचा आहे. कुंभार आधी घडवतो, भाजतो आणि मग झिलई चढवतो. मूर्तिकार मूर्ती वाळल्यावर रंगकामाला बसतो. पॉलिमर क्लेत रंग अंगातच मुरलेला असतो. लाल क्ले आरपार लाल असते. कापा, घासा, भोक पाडा, आत लालच निघते. दोन रंग शेजारी ठेवून दाबले तर त्यांच्यामधली रेघ स्वच्छ राहते, एकमेकांत मळले तर तिसरा रंग तयार होतो. घडवणं आणि रंगवणं अशी दोन कामं इथे उरत नाहीत, रंग मांडता मांडताच वस्तू घडते. मातीला सोयीचा पर्याय म्हणून या माध्यमाकडे वळणाऱ्यांना मी हेच सांगत आलो आहे. पांढऱ्या क्लेचं फूल करून वरून ॲक्रिलिक रंग द्यायचे असतील, तर त्याला याहून स्वस्त माध्यमं आहेत आणि ती त्या कामाला जास्त चांगलीही आहेत. पॉलिमर क्ले तिच्या अंगच्या रंगासाठी हाती घ्यावी.

माध्यमांची गल्लत दुकानापासूनच सुरू होते. ‘क्ले’ मागितली की काउंटरवर चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. शाळकरी मुलांच्या रंगीत कांड्या तेलात कालवलेल्या असतात. इंग्लंडमधल्या बाथ इथे विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने 1897 मध्ये केलेल्या प्लॅस्टिसिनची ही परंपरा. ती कधीच कडक होत नाही, पुन्हा पुन्हा मोडून वापरायची. एअर ड्राय क्ले हवेवर वाळते, हलकी असते, पण आक्रसते आणि पावसाळ्यात तिला बुरशीही धरू शकते. तिसरी आपल्याकडे घरोघरी पोचलेली ‘शिल्पकार’. दोन गोळे एकत्र मळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि मग तुमची इच्छा असो वा नसो, काही तासांत ती दगडासारखी होते. म्युरल करणाऱ्यांचा तिच्यावर जीव आहे आणि तो रास्त आहे. चौथी पॉलिमर क्ले. तिला वेळेचं बंधन नाही. आज अर्धवट ठेवलेलं पेंडंट महिन्याने पुढे नेता येतं, भाजलेल्या वस्तूवर पुन्हा कच्ची क्ले लावून पुन्हा भाजता येतं. नोकरी-घर सांभाळून रात्री तासभर बसणाऱ्या माणसासाठी ही मोकळीक फार मोलाची आहे. खोक्यावर ओव्हनचं तापमान छापलेलं आहे का, एवढं पाहिलं तरी खरेदी चुकत नाही.

या माध्यमाचा जन्म बाहुल्यांच्या घरात झाला. केटे क्रूझ ही जर्मनीतली नामांकित बाहुलीकार. बाहुल्यांची डोकी करायला काही नवं साहित्य मिळतंय का, याचा शोध युद्धाच्या तोंडावर, 1939 च्या सुमारास चालू होता आणि त्यातून एक प्लास्टिकची लगद्यासारखी वस्तू तिच्याकडे आली. कारखान्याच्या कामाची ती ठरली नाही. केटेची मुलगी सोफी, जिला घरात सगळे फिफी म्हणत, तिने मात्र ती सोडली नाही. रंग मिसळले, छोट्या आकृत्या केल्या, मोझाइकसारखे तुकडे मांडून पाहिले. 1950 च्या दशकात तिने ते ‘फिफी मोझाइक’ या नावाने विकायला सुरुवात केली आणि 1964 मध्ये त्याचे हक्क एबरहार्ड फाबर या कंपनीने घेतले. तेच आजचं फिमो. पुढे ही कंपनी श्टेडलरकडे गेली. आपण शाळेत ज्यांच्या पेन्सिली वापरल्या तेच हे श्टेडलर. अमेरिकेत 1960 च्या दशकात स्कल्पी निघाली, ती इलिनॉय राज्यातल्या पॉलिफॉर्म प्रॉडक्ट्सची. ते मिश्रण मुळात ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढण्यासाठी तयार केलं होतं म्हणतात. त्या कामात ते बसलं नाही आणि खेळता खेळता कुणीतरी त्याची आकृती करून भाजली. बेल्जियमची सर्निट हा तिसरा मोठा ब्रँड. तिचा पोत जरा चिनी मातीच्या बाहुलीसारखा असल्यामुळे चेहरे करणारे तिला पसंती देतात.

बरीच वर्षं ही वस्तू खेळण्यांच्या कपाटातच राहिली. तिला तिथून बाहेर काढलं ते कलावंतांनी. पियर व्हूल्कस ही न्यूयॉर्कमधली नर्तकी, आणि सिरॅमिकमधला दिग्गज शिल्पकार पीटर व्हूल्कस याची मुलगी. बापाने मातीच्या ताकदीवर नाव कमावलं. मुलीने रंगीत प्लास्टिकचे मणी करून एका नव्या कलेचा रस्ता मोकळा केला. फिलाडेल्फियातल्या स्टीव्हन फोर्ड आणि डेव्हिड फोरलानो या जोडीने ‘सिटी झेन केन’ या नावाने केलेले दागिने, सिंथिया टूप्सची सूक्ष्म मोझाइकं, कॅथलीन डस्टिनच्या पर्सेस यांनी ग्राहकांना आणि संग्रहालयांनाही या माध्यमाकडे गंभीरपणे पाहायला लावलं. टूप्सची पद्धत वाचूनच दडपण येतं. क्लेचे दोऱ्याइतके बारीक धागे वळायचे, ते भाजायचे, त्यांचे कणाएवढे तुकडे करायचे आणि ते एकेक करून कच्च्या क्लेच्या अंगात बसवायचे. 1991 मध्ये नॅन रोश यांचं ‘द न्यू क्ले’ हे पुस्तक आलं आणि विखुरलेल्या कारागिरांना पहिल्यांदा एक सामायिक पाठ्यपुस्तक मिळालं. 2011 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रासीन आर्ट म्युझियमने पॉलिमरकलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. हौसेच्या दुकानापासून संग्रहालयाच्या भिंतीपर्यंतचा हा प्रवास एका पिढीत झाला आहे.

या कलावंतांनी केलं काय, तर दुसऱ्या माध्यमांतली तंत्रं उचलून क्लेच्या स्वभावाला जुळवून घेतली. त्यात केनची जागा सगळ्यांत वरची. मुरानोचे काचकारागीर रंगीत काचेच्या कांड्या जोडून, तापवून, ओढून लांब करतात आणि त्यांच्या चकत्यांतून फुलंच फुलं काढतात. मिलेफ्योरी म्हणतात ते हेच. काचेला जळती भट्टी लागते, क्लेला टेबल पुरतं. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक वडीत जसं तेच चक्र निघतं, तसंच केनचं आहे: नक्षी लांबीभर आत असते, काप देऊन ती बाहेर काढायची.

पाच पाकळ्यांच्या साध्या फुलाचा केन कसा बनतो ते पाहा. गुलाबी क्लेचा एक जाड दंडगोल घेऊन त्याभोवती गडद गुलाबी पातळ पत्रा गुंडाळायचा. ही झाली पाकळी. तिची लांब कांडी करून पाच सारखे तुकडे पाडायचे आणि मधल्या पिवळ्या कांडीभोवती उभे लावायचे. पाकळ्यांच्या मध्ये बाहेरच्या बाजूने पाच खाचा राहतात. नवशिका त्या तशाच सोडतो आणि दाबल्यावर पाकळ्या त्या खाचांत पसरून फुलाचा पार चिखल होतो. त्या खाचांत हिरव्या किंवा पांढऱ्या क्लेच्या तिकोनी पट्ट्या बसवायच्या, आत हवा राहू द्यायची नाही, आणि मग सगळ्याभोवती पार्श्वभूमीच्या रंगाचा पत्रा. हाताशी साधारण 5 सेंटिमीटर व्यासाचा आणि 5 सेंटिमीटर लांबीचा ठोकळा येतो. आता तो लहान करायचा. मधोमध दोन्ही हातांनी घट्ट धरून, फिरवत फिरवत दाबायचं, मग हळूहळू टोकांकडे सरकायचं. टोकाकडून सुरुवात केली तर बाहेरची क्ले पुढे पळते आणि आतलं फूल मागे राहतं. व्यास 1 सेंटिमीटरवर आला की लांबी पंचवीसपट, म्हणजे सव्वा मीटर होते, कारण क्ले कुठेही गेलेली नसते, फक्त आकार बदललेला असतो. दोन्ही टोकांचा थोडा विद्रूप भाग कापून टाकायचा, केनला फ्रिजमध्ये जरा विसावू द्यायचं आणि मग पातळ पात्याने चकत्या पाडायच्या. पहिली स्वच्छ चकती पात्यावर येते तेव्हा नखाएवढ्या जागेत पाचही पाकळ्या आणि त्यांच्या कडांची केसाएवढी रेघ जशीच्या तशी असते. इतकी बारीक रेघ कुंचल्याने ओढायला वर्षानुवर्षांचा हात लागतो.

छटांचं कोडंही असंच सुटलं. एका रंगातून दुसऱ्यात अलगद उतरणारा पत्रा कसा करायचा, याचं सोपं उत्तर ज्युडिथ स्किनर यांनी 1990 च्या दशकात दिलं आणि तंत्राला त्यांचंच नाव पडलं, ‘स्किनर ब्लेंड’. दोन रंगांचे दोन काटकोन त्रिकोण तिरप्या बाजूने जोडून आयत करायचा, तो खालून वर दुमडून पास्ता मशीनमधून काढायचा, आणि पुन्हा त्याच दिशेने दुमडायचा. पंचवीस-एक फेऱ्यांत एका कडेला शुद्ध पिवळा, दुसऱ्या कडेला शुद्ध निळा आणि मध्ये हिरव्याच्या साऱ्या छटा. दुमडण्याची दिशा एकदा जरी बदलली तरी सगळ्याचा एकच मचूळ हिरवा होतो. पास्ता मशीन आपल्याकडे महाग वाटतं, पण ज्याला हे काम मनापासून करायचं आहे त्याने बाकीची हौसेची अवजारं टाळावीत आणि त्या पैशांत हे घ्यावं. जपानी तलवार-कारागिरांच्या मोकुमे गानेवरून घेतलेली थरांची नक्षी आणि अभ्रकयुक्त क्लेत कण एका दिशेला वळवून काढलेली, हाताला सपाट लागणारी पण डोळ्यांना उठावदार दिसणारी नक्षी यांची कृती पुढे सविस्तर येईलच.

नकलांबद्दल मात्र दोन शब्द इथेच. पॉलिमर क्ले फिरोजा, पोवळं, अंबर, हस्तिदंत यांची हुबेहूब नक्कल करते. अर्धपारदर्शक आणि फिकट पिवळसर पत्रे एकावर एक रचून, त्यांची वीट करून, कडेने काप घेतला की हस्तिदंतातल्या रेषा दिसतात. भाजून, घासून, जुन्या जीन्सच्या कापडाने चकाकी आणली की जाणकारही हातात घेऊन बघतो. हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्या देशात बंदी आहे आणि ती असायलाच हवी. हत्तीला हात न लावता तो पोत मिळतोय, हे मला या माध्यमाचं पुण्यच वाटतं. विकताना मात्र ‘पॉलिमर’ हे स्पष्ट सांगा, लिहून द्या.

आता ओव्हन. घरोघरच्या ओटीजीची तबकडी 130 दाखवते तेव्हा आत 110 असू शकतं किंवा 160 ही असू शकतं. कॉइल चालू-बंद होते तसं तापमान वर-खाली होत राहतं, आणि लहान ओव्हनमध्ये कॉइल वस्तूच्या अगदी डोक्यावर असते. कमी भाजलेली क्ले बाहेरून कडक दिसते, पण तिचे कण पूर्ण एकजीव झालेले नसतात. कानातलं एकदा पडलं की तुकडे. परीक्षा सोपी आहे. पातळ पट्टी भाजून थंड करा आणि वाकवा. नीट भाजलेली वाकते, कच्ची राहिलेली कट्कन मोडते. बहुतेकांचं काम तुटतं ते जळण्याच्या धास्तीने लवकर बाहेर काढल्यामुळे, म्हणून वेळ कमी करू नका; तापमान मोजा, वस्तू ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि पूर्ण वेळ भाजा. जाडी 6 मिलिमीटरच्या वर जाणार असेल तर आत चुरगळलेल्या फॉइलचा गोळा घाला. क्ले वाचते, वजन कमी होतं, उष्णता आतपर्यंत पोचते. मायक्रोवेव्ह या कामाचा नव्हे. उकळतं पाणीही 100 अंशांवर थांबतं, तेवढ्याने भागत नाही.

तापमान 175 च्या आसपास किंवा वर गेलं तर पीव्हीसी जळू लागतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, घसा धरणारा वायू सुटतो. तसं झालं तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. एरवी योग्य तापमानाला थोडासा वास येतो, तेवढाच. क्लेसाठी वापरलेलं पातं, लाटणं, मशीन पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका, आणि भाजलेल्या वाटीत खाऊ ठेवू नका. पूर्वी प्लास्टिसायझर म्हणून थॅलेट वापरले जात. युरोपात 2005 मध्ये आणि अमेरिकेत 2008 मध्ये मुलांच्या वस्तूंतल्या काही थॅलेटांवर कायद्याने मर्यादा आली आणि मोठ्या कंपन्यांनी आपली मिश्रणं बदलली. नाव-गाव नसलेल्या स्वस्त कांड्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत असं मला वाटतं, ते यामुळेच.

आपल्या हवेचा विचार परदेशी पुस्तकांत सापडत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो; बंद गाडीत किंवा कुरिअरच्या टेम्पोत त्याहून कितीतरी जास्त. अशा उष्णतेत पाकिटातली क्ले अर्धवट शिजते आणि हातात येते ती भुसभुशीत. उन्हाळ्यात मागवायचीच असेल तर जवळच्या दुकानातून आणा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात शाडू वाळता वाळत नाही, तेव्हा पॉलिमर क्लेचं काम मात्र बिनबोभाट चालतं. आपला मोठा शत्रू धूळ. छताचा पंखा चालू असताना पांढरी क्ले उघडली की पाच मिनिटांत तिच्यावर तंतू दिसू लागतात. पांढरं काम आधी करा, रंगीत नंतर, लाल सर्वांत शेवटी. आणि कच्च्या वस्तूवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवा. टेबलाच्या पॉलिशवर किंवा कडक, ठिसूळ प्लास्टिकच्या डबीत कच्ची क्ले ठेवलीत तर प्लास्टिसायझर ते पॉलिश आणि ती डबी खातो. काचेवर किंवा सिरॅमिक टाइलवर काम करा, त्याच टाइलसकट भाजा.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. हे प्लास्टिक आहे. ते कुजत नाही, पाण्यात विरघळत नाही. विसर्जनाची गणेशमूर्ती पॉलिमर क्लेची कधीही करू नये. ते काम पेणच्या आणि गावोगावच्या मूर्तिकारांच्या शाडूचं आहे आणि त्यांच्याकडेच राहावं. शोकेसमध्ये कायम राहणारी बोटभर उंचीची मूर्ती असेल तर हरकत नाही. कच्च्या क्लेचा तुकडाही वाया जाऊ देऊ नका. मिसळून गेलेले रंग मण्यांच्या गाभ्यात जातात, थरांच्या नक्षीत जातात. आणि ज्या वस्तूवर तुमचं मन बसलेलं नाही ती भाजण्याआधी मोडा. भाजेपर्यंत सगळं परत घेता येतं, त्यानंतर ती वस्तू तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकणार आहे.

आपल्याकडे बहुतेक जण छोट्या थाळ्या, मोदक, फ्रिजवरची चुंबकं यांच्या वाटेने या माध्यमात येतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही. वरणभातावरच्या तुपाचा ओघळ अर्धपारदर्शक क्लेने नेमका पकडणाऱ्या हाताला रंगाची खरी जाण असते. फक्त तिथे थांबू नका. पैठणीच्या काठातला मोर, वारली चित्रातला फेर, कोल्हापुरी साजातले मणी हे सगळं केनमध्ये, थरांत मांडून पाहण्याजोगं आहे आणि फारसं कुणी मांडलेलं नाही.

सुरुवातीला तीसरंगी संच घेऊ नका. पांढरा, काळा, अर्धपारदर्शक आणि तीन मूळ रंग एवढे पुरतात. बाकीचे स्वतः मिसळा आणि कशात किती घातलं ते वहीत लिहा. टाइल, एक धारदार पातं, एक काचेची गुळगुळीत बाटली घरात मिळेल. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मात्र विकत आणावा लागेल. तो क्लेच्याही आधी आणा.